राखेपासून झिओलाइट : पाण्यातून काय घेते, पाण्याला काय देते?

(राखबंधाऱ्यालगतच्या एका गावातील शेतकरी मेळाव्यात मृदशास्त्राच्या प्राध्यापकांनी केलेले भाषण)



मघाशी मंडपात येताना एका शेतकरी बंधूंनी मला बाजूला घेऊन विचारले, "साहेब, वीज केंद्राच्या राखेपासून पाणी साफ करायची पावडर तयार होते असे वाचले. आमच्याकडे राखेला तोटा नाही. मग विहिरीत दोन-चार घमेली टाकून पाहू का?" प्रश्न रास्त आहे. आपल्या आज्या राखेनेच भांडी लख्ख करीत. तरीही उत्तर आधी देतो आणि कारण मागाहून सांगतो. टाकू नका.

चुलीची राख आणि वीज केंद्राची राख यांत फार फरक आहे. लाकडाच्या राखेत चुना आणि पालाश भरपूर असतो. कोळशाची राख म्हणजे कोळशात मिसळलेली माती, भट्टीत भाजून निघालेली. आपल्या देशातील कोळशात हे मातीचे प्रमाण जास्त, साधारण ३० ते ४५ टक्के. भट्टीच्या प्रचंड उष्णतेत ही माती वितळते आणि धुराबरोबर वर जाताना थंड होऊन काचेच्या बारीक गोळ्या बनतात. या राखेत निम्म्याहून जास्त सिलिका आणि साधारण पाव हिस्सा ॲल्युमिना असतो. देशात अशी राख दरवर्षी वीस कोटी टनांहून अधिक निघते. तिचा वापर सिमेंट, विटा व रस्त्यांसाठी व्हावा म्हणून केंद्र सरकारने १९९९ साली अधिसूचना काढली आणि पुढे वेळोवेळी ती कडक केली.

पण याच राखेत थोड्या प्रमाणात आर्सेनिक, क्रोमियम, शिसे, बोरॉन हेही असते. पाण्यात राख भिजत राहिली की त्यांपैकी काही अंश पाण्यात उतरतो. जुलै २०२२ मध्ये नागपूरजवळ खसाळा येथील राखबंधारा फुटला आणि राखेचे पाणी शेतांत व नाल्यांत शिरले, हे आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. तुमच्या भागात तर संत्र्याच्या बागा आहेत. लिंबूवर्गीय झाडे बोरॉनच्या बाबतीत फार नाजूक. ओलिताच्या पाण्यात लिटरला अर्धा-पाऊण मिलिग्रॅमच्या पुढे बोरॉन गेले की हळूहळू पानांची टोके पिवळी पडून करपू लागतात. म्हणून कच्ची राख विहिरीत टाकणे म्हणजे रोग्याला रोगच पाजणे आहे.

मग पाणी साफ करते ते काय? ते झिओलाइट. हे नाव १७५६ साली क्रॉनस्टेट या स्वीडिश खनिजशास्त्रज्ञाने दिले. तापवल्यावर हा दगड पाणी सोडून उकळल्यासारखा दिसे, म्हणून ग्रीक भाषेतून 'उकळणारा दगड'. आपल्याला हा दगड परका नाही. नाशिक, पुणे, जळगाव भागात विहीर खोदताना काळ्या पाषाणाच्या पोकळीत पांढरे, गुलाबी चमकदार स्फटिक सापडतात, त्यांतले बरेचसे झिओलाइटच. आपण मुलांना खेळायला देतो, परदेशचे लोक संग्रहालयात ठेवतात!

झिओलाइटमध्येही सिलिका आणि ॲल्युमिनाच असते. फक्त त्यांची रचना जाळीदार असते. जाळीच्या भिंतींवर ऋण भार असतो आणि तो सांभाळायला आत सोडियम, कॅल्शियमसारखे धन भाराचे कण सैल बसलेले असतात. दुसरा आवडीचा धन कण जवळून गेला की जाळी आतला कण सोडते व बाहेरचा घेते. आपली काळी जमीन अमोनियम आणि पालाश धरून ठेवते ती याच गुणाने. चांगल्या काळ्या जमिनीची धन आयन विनिमय क्षमता शंभर ग्रॅमला ४० ते ६० मिलिइक्विव्हॅलंट असते. कच्च्या राखेची जेमतेम दोन-चार. त्याच राखेचे चांगले झिओलाइट केले की ती दोनशेच्याही पुढे जाऊ शकते.

हे करतात कसे? राख कॉस्टिक सोड्याच्या तीव्र द्रावणात ९० ते १०० अंश सेल्सिअसला साधारण एक दिवस ठेवतात. काच विरघळते आणि त्यातूनच झिओलाइटचे बारीक स्फटिक तयार होतात. दुसऱ्या रीतीत राख व कॉस्टिक सोडा सुमारे ५५० अंशांवर एकत्र भाजून मग पाण्यात मुरवतात. शेवटी सोडा निघून जाईपर्यंत वारंवार धुवावे लागते. १९८५ साली जर्मनीत हॉलर आणि विर्शिंग यांनी राखेपासून झिओलाइट केल्याचे प्रसिद्ध केले. आपल्याकडे नागपूरच्या 'नीरी' संस्थेने यावर बरेच काम करून पेटंटही मिळवले. राख फुकट असली तरी सोडा, इंधन आणि धुण्याचे पाणी फुकट नाही. आणि कॉस्टिक सोडा कातडी जाळतो, डोळा घालवतो. हे काम कारखान्याचे आहे, परसातले नाही.

आता टेबलावरच्या दोन बरण्या पाहा. दोन्हींत मोरचुदाचे सौम्य द्रावण आहे, तुम्ही बोर्डो मिश्रणाला वापरता तेच. एकीत चमचाभर कच्ची राख टाकली, दुसरीत चमचाभर झिओलाइट. दोन्ही हलवून ठेवल्या. पहिलीचा निळेपणा बराचसा तसाच आहे. दुसरीचे पाणी जवळजवळ रंगहीन झाले आणि निळेपणा तळच्या पावडरीवर आला. मात्र सगळे श्रेय झिओलाइटला देऊ नका. ही पावडर थोडी अल्कधर्मी असते, त्यामुळे काही तांबे साका होऊनही बसले आहे. विक्रेता हे सांगणार नाही, म्हणून मी सांगतो.

तांब्याप्रमाणेच शिसे, कॅडमियम, जस्त आणि अमोनियम झिओलाइट धरते, कारण हे सारे धन भाराचे आहेत. नायट्रेट, फ्लोराइड, क्लोराइड हे ऋण भाराचे. त्यांना ही जाळी जवळ करीत नाही. बोरॉन पाण्यात बहुतांशी भाराविनाच असतो, तोही निसटतो. तेव्हा यवतमाळ, चंद्रपूर भागातील फ्लोराइडच्या विहिरीवर साध्या झिओलाइटचा उपयोग नाही. तिथे सक्रिय ॲल्युमिना किंवा तुरटी-चुन्याची नालगोंडा पद्धत. जंतूंसाठी क्लोरीन किंवा उकळणे, त्याला पर्याय नाही.

अकोला-अमरावतीच्या खारपाणपट्ट्यातील बांधवांनी पुढचे नीट ऐकावे. राखेचे झिओलाइट सोड्यात तयार होते, म्हणून त्याच्या पोटात सोडियम असते. ते कठीण पाण्यातला कॅल्शियम घेते आणि बदल्यात सोडियम देते. साबणाला फेस छान येतो, कपडे स्वच्छ निघतात. पण तेच पाणी शेताला दिले तर जमीन चोपण होण्याकडे जाते. जिथे आधीच सोडियम जास्त आहे, तिथे पाणी 'मऊ' करून ओलीत करणे म्हणजे पदरचे पैसे घालून जमीन बिघडवणे. अशा जमिनीला जिप्सम लागतो.

उपयोग कुठे आहे? गोठ्याच्या सांडपाण्यात आणि गोड्या पाण्याच्या मत्स्यतळ्यात अमोनिया साचतो, तिथे झिओलाइट चांगले काम करते. अमोनियम भरलेली पावडर शेतात टाकली तर नत्र सावकाश सुटते. मात्र कारखान्याच्या सांडपाण्यावर वापरलेली पावडर कोणी खत म्हणून दिली तर घेऊ नका. तिच्यात शिसे, कॅडमियम बसलेले असते. राखेपासून केलेली पावडर घेताना ती स्वच्छ धुतलेली आहे का आणि तिच्यातून जड धातू पाण्यात उतरत नाहीत ना, याचा प्रयोगशाळेचा दाखला मागा.

पण पावडर घेण्याआधी पाणी तपासा. पंप दहा-पंधरा मिनिटे चालू ठेवा, प्लास्टिकची स्वच्छ बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा, काठोकाठ भरून बूच घट्ट लावा. नाव, गाव, गट क्रमांक, विहीर की बोअर, तारीख आणि पाणी पिण्याचे की ओलिताचे, हे चिठ्ठीवर लिहा आणि नमुना चोवीस तासांत प्रयोगशाळेत पोचवा. राखबंधाऱ्याजवळच्या विहिरींसाठी बोरॉन आणि जड धातू तपासायचे आहेत असे स्वतंत्र लिहा, नेहमीच्या तपासणीत ते येत नाहीत. ज्यांनी आज बाटल्या आणल्या आहेत त्यांनी त्या मंडपाच्या डाव्या हाताला आमच्या सहकाऱ्यांकडे द्याव्यात.