वॉर्डातले हात
(नर्सिंग, लॅब टेक्निशियन आणि फार्मसीच्या विद्यार्थ्यांसमोर केलेलं भाषण)



आयोजकांनी फोनवर विषय विचारला तेव्हा मी ‘हात कधी आणि कसे स्वच्छ करायचे’ असं सांगितलं. पलीकडून थोडा वेळ आवाजच आला नाही. मग म्हणाले, “आपा, करोनात दोन वर्षं तेच तर ऐकलं.” खरं आहे. पण तुम्ही तेव्हा घरात बसून ऐकलं होतं. आता तुम्ही वॉर्डात जाणार आहात, आणि वॉर्डातल्या हाताची गोष्ट वेगळी आहे. घरी आपण स्वतःला वाचवायला हात धुतो. वॉर्डात आपला हात एका पेशंटचे जंतू दुसऱ्याकडे पोचवतो. आपल्याला काही होत नाही, म्हणून कळतही नाही.

हे पहिल्यांदा ज्याच्या लक्षात आलं, त्याची गोष्ट थोडक्यात सांगते. व्हिएन्नाच्या मोठ्या सरकारी इस्पितळात बाळंतिणींचे दोन विभाग होते. एकात डॉक्टर आणि त्यांचे विद्यार्थी, दुसऱ्यात सुईणी. 1846 साली डॉक्टरांच्या विभागात शंभरातल्या अकरा बायका बाळंतज्वराने गेल्या, सुईणींच्या विभागात तीनही नाहीत. गावातल्या बायकांना हे ठाऊक होतं. त्या हात जोडून सांगायच्या, आम्हाला सुईणींकडे पाठवा. इग्नाझ सेमेलवाइस नावाचा तरुण डॉक्टर कारण शोधत होता. 1847 मध्ये त्याचा मित्र कोलेचका शवविच्छेदन करताना विद्यार्थ्याच्या सुरीने बोटाला कापला आणि त्यातच वारला. त्याच्या शरीरात जे सापडलं ते त्या बाळंतिणींसारखंच होतं. डॉक्टर सकाळी प्रेतं तपासून तसेच बाळंतिणींकडे जायचे. साबणाने हात धुतले तरी वास राहायचा. सेमेलवाइसने ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात हात धुणं सक्तीचं केलं. एप्रिलमध्ये मृत्यू शंभरी अठरा होते, जूनमध्ये दोनच्या आसपास आले.

त्याचा सत्कार झाला असेल असं वाटतं ना? आमच्याच हातांनी बायका मेल्या, हे मोठमोठ्या डॉक्टरांना ऐकवलं नाही. त्याची नोकरी गेली, आणि 1865 मध्ये तो वेड्यांच्या इस्पितळात वारला. ही गोष्ट तुम्हाला पुढे लागणार आहे, म्हणून सांगितली.

आता वॉर्डात या. जागतिक आरोग्य संघटनेने 2009 मध्ये पाच वेळा ठरवून दिल्या. पेशंटला हात लावण्याआधी. सुई, सलाईन, कॅथेटर, ड्रेसिंग अशा कुठल्याही निर्जंतुक कामाआधी. रक्त, लघवी, पू यांच्याशी संबंध आल्यावर. पेशंटला हात लावून झाल्यावर. आणि पेशंटच्या आसपासच्या वस्तूंना हात लावल्यावर. परीक्षेत हे सगळे बरोबर लिहितात. माझ्या पाहण्यात तिसरी वेळ कुणी चुकवत नाही, कारण तिथे घाण दिसते आणि जिवाची भीती असते. सर्रास चुकतात त्या पहिली, दुसरी आणि पाचवी. पेशंटला हातच लावला नाही, फक्त कॉटचा कठडा वर केला, सलाईनचा स्टँड सरकवला, पडदा ओढला. मग हात कशाला? अहो, त्या कठड्याला पेशंटचा हात दिवसभर लागतो. आणि सलाईनच्या नळीला हात लावण्याआधीचा क्षण तर सगळ्यात जोखमीचा, कारण तिथून रस्ता सरळ रक्तात जातो. नवजात बाळांच्या युनिटमध्ये दीड किलोच्या बाळाला जंतूंशी लढायची ताकद नसते. संध्याकाळी दूध ओढणारं बाळ सकाळी थंड पडलेलं मी पाहिलंय. त्याहून जास्त बोलत नाही.

ग्लोव्हज घातले म्हणजे झालं, असं समजू नका. तेच ग्लोव्हज घालून मोबाइल उचलणारे मी रोज पाहते. ग्लोव्हज घालण्याआधी आणि काढल्यावर, दोन्ही वेळा हात स्वच्छ करायचे.

हँडरब असेल तर वीस ते तीस सेकंद पुरतात, साबण-पाण्याला चाळीस ते साठ लागतात. पळापळीच्या ड्यूटीत हा फरक मोठा असतो. जिनिव्हाच्या इस्पितळात दिदिए पित्ते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेसिनपर्यंत चालत जायला लावण्याऐवजी हँडरबच पेशंटजवळ ठेवला आणि त्याचा सतत प्रचार केला. 1994 ते 1997 या काळात नियम पाळण्याचं प्रमाण 48 वरून 66 टक्क्यांवर गेलं, आणि इस्पितळात लागणारे संसर्ग 1998 पर्यंत 16.9 टक्क्यांवरून 9.9 वर आले. आपल्याकडे तर पाण्याचाच प्रश्न असतो. लातूरला 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, आठवत असेल. तिथे हँडरबची किंमत कळते. पण हात दिसायला मळलेले असतील, रक्त लागलं असेल, संडासला जाऊन आला असाल किंवा काही विशिष्ट जुलाबांचा पेशंट असेल, तर साबण आणि पाणीच. त्या जुलाबांच्या जंतूंची बीजं हँडरबने मरत नाहीत.

आता तो प्रश्न, जो तुम्ही सगळ्यांसमोर विचारणार नाही आणि नंतर जिन्यात गाठून विचाराल. हँडरबमध्ये अल्कोहोल असतं, मग ते चालतं का?

मी आलिम नाही. मी मला ठाऊक आहे ते सांगते. हँडरबमध्ये साधारण 75 ते 80 टक्के अल्कोहोल असतं. बऱ्याच बाटल्यांत आयसोप्रोपिल असतं, ते पिण्याचं नव्हेच, विष आहे. अख्खं शंभर टक्के का नाही? कारण जंतू मारायला त्यात थोडं पाणी लागतं. जानेवारी 2002 मध्ये मक्केत राबिता आलमे इस्लामीच्या फिक्ह परिषदेत हा विषय आला, आणि जखम बाहेरून साफ करायला, जंतू मारायला, मलमात अल्कोहोल वापरायला मुभा दिली गेली. सौदीच्या इस्पितळांत हँडरब सर्रास वापरतात. इंजेक्शनआधी स्पिरिटचा बोळा आपल्या आजीलाही लावला जायचा, तेव्हा घरात कुणी मसला काढला नव्हता. तरीही एखाद्याचं मन मानत नसेल तर त्याने साबण-पाणी वापरावं, दर वेळी, पूर्ण मिनिटभर. दोन्ही टाळायची मुभा मात्र कुणालाच नाही.

दुसरी गोष्ट वुजूची. “मी आत्ताच वुजू करून आले,” असं मला एका मुलीने सांगितलं होतं. वुजूमुळे आपल्याला बोटांत बोटं घालून खिलाल करायची सवय असते, ती इथे कामाला येते. पण नमाजनंतर दार उघडलं, चप्पल घातली, फोन घेतला. हात पुन्हा हिशेबात आले. नेलपॉलिशखाली पाणी पोचत नाही आणि मेंदी मात्र चालते, हे तुम्हाला घरीच शिकवलेलं असतं. वॉर्डातही नेलपॉलिश, खोटी नखं नकोत. अंगठी वुजूत फिरवून चालते, इथे काढूनच ठेवायची.

बाह्यांचं बोलू. 2007 नंतर इंग्लंडमध्ये वॉर्डात कोपरापर्यंत हात उघडे ठेवायचा नियम आला, तेव्हा तिथल्या मुस्लिम मुलींनी प्रश्न उचलला. 2010 मध्ये आरोग्य खात्याने तोडगा दिला. एरवी लांब बाही चालेल, पेशंटचं काम करताना ती घट्ट वर सरकवायची, नाहीतर इलॅस्टिकच्या एकदाच वापरायच्या बाह्या घालायच्या आणि ग्लोव्हजसारख्याच दर पेशंटला बदलायच्या. मला हे आवडतं. मुली भांडल्या आणि मनगटही धुतलं गेलं. तुमच्या कॉलेजात असा प्रश्न आला तर नोकरी सोडायच्या आधी हा कागद पुढे करा.

आणि शेवटचं अवघड काम. राउंडला मोठे डॉक्टर येतात, एका कॉटवरून दुसऱ्या कॉटवर तोच हात घेऊन जातात. तुम्ही मागे फाइल धरून उभे. बोलायचं कसं? एका जिल्हा रुग्णालयात मी एक युक्ती पाहिली. तिथली ज्युनियर सिस्टर तोंडाने काही बोलायची नाही. डॉक्टर पुढच्या पेशंटकडे वळले की हँडरबची बाटली त्यांच्या हाताजवळ धरायची, “सर,” एवढंच. कुणी रागावलं नाही. तिसऱ्या दिवशी सरांनी आपणहून हात पुढे केला. त्याच रुग्णालयात पुढे महिनाभर बाटल्या रिकाम्या होत्या, इंडेंट कुठल्यातरी टेबलावर पडून होतं. तेव्हा कुणाला ‘सर’ म्हणणार? म्हणून रिकामी बाटली दिसली की रजिस्टरमध्ये तारीख टाकून लिहा. मावशींना आणि वॉर्डबॉय मामांनाही हे सगळं शिकवा, कारण सगळ्यात जास्त कॉट त्यांच्या हाताखालून जातात, आणि ट्रेनिंगला त्यांनाच कुणी बोलवत नाही.

बोलणं पुरे. त्या टेबलावर चमकणारं लोशन आणि निळा दिवा ठेवलाय. लोशन लावा, नेहमी धुता तसे हात धुवा आणि दिव्याखाली धरा. बहुतेकांचे अंगठे आणि बोटांची टोकं चमकत राहतील. दोन-दोन जण या. अंगठ्या आणि घड्याळं मैत्रिणीकडे, मित्राकडे देऊन या.