रांगेबाहेरचं यकृत

नौपाड्यातल्या एका शाळेत मी कविता वाचायला गेलो होतो. वर्गात पचनसंस्थेची उजळणी चालली होती, तीही खेळातून. मुलंच तोंड, अन्ननलिका, जठर झाली होती; सहा मीटर दोरी म्हणजे लहान आतडं. कागदाचा घास हातोहात, बारीक होत पुढे सरकत होता.

एक अबोल मुलगी रांगेबाहेर उभी. घास तिच्याकडे येतच नव्हता.

"तू कोण गं?"

"यकृत," ती पुटपुटली.

तेवढ्यात तेलकट घास आतड्यात आला. बाईंनी विचारलं, "आता पित्त कोण देणार?" सगळा वर्ग तिच्याकडे वळला.

"मी! तेलाचे बारीक थेंब करते," ती खणखणीत म्हणाली.

अन्न यकृतातून जात नाही, तरी त्याच्यावाचून अडतं. माझी कविता त्या दिवशी मी वाचलीच नाही.