डब्यावरचे चार शब्द

मंडळी, आपले सातिवली वसईच्या पूर्वेला. इथे कारखान्यांचे गाळे आहेत. कित्येकांचा हात रोज रंगाच्या नाही तर चिकटवायच्या मालाच्या डब्याला लागतो. आता आपल्याला वाचता येते. मग डब्यावरचे चार शब्द आज समजून घेऊ.

पहिला शब्द रेझिन, म्हणजे राळ. झाडाची राळ आपण पाहिली आहे. कारखान्यातली राळ रसायनांपासून करतात. १९०७ साली बेकलंड नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने अशी राळ तयार केली. तिचे नाव बेकेलाइट. विजेची जुनी काळी बटणे तिचीच असत.

दुसरा शब्द हार्डनर. दुधाला विरजण लावले की दही लागते. तशी हार्डनर मिसळला की राळ घट्ट होते. पण विरजण अंदाजाने चालते, हार्डनर चालत नाही. माप चुकले की सांधा कच्चा राहतो.

तिसरा शब्द थिनर. तो रंग पातळ करतो, मग उडून जातो. जातो कुठे? हवेत. तीच हवा आपण छातीत घेतो. डोके दुखते, चक्कर येते.

चौथा शब्द ज्वालाग्राही, म्हणजे चटकन पेट घेणारा. थिनर तसाच आहे. म्हणून त्याच्याजवळ बिडी नको, ठिणगी नको. खिडक्या उघड्या ठेवाव्यात.

डब्यावर मराठी नसेल तर? आगीचे चित्र शोधा. तरी कळले नाही तर मुकादमाला विचारा. विचारण्यात कमीपणा नाही.

उद्या कामावर एक डबा वाचून या. काय वाचले, ते आपण वर्गात बोलू.