श्रमदानाआधीची वही

सेवाभावी गटांना कामाचं नियोजन कसं शिकवावं, या विषयावर बोलायला आकाशवाणीने सांगितलं आहे. धनज-कारंजा भागात ज्यांनी श्रमदान केलंय किंवा नुसतं पाहिलंय, त्यांना हा प्रश्न नवा नाही. उत्साहाला आपल्याकडे तोटा नसतो. पहिल्या दिवशी टेकडीवर माणसं शंभर आणि टिकाव दहा, अशी गत होते. ऊन चढतं, लोक घरी परततात आणि तिसऱ्या दिवशी निम्मेही येत नाहीत. मग गावाला नावं ठेवली जातात. माझ्या मते दोष गावाचा नाही. त्या लोकांनी आपली सकाळ दिली होती. तिचं काय करायचं हे कुणी आधी ठरवलंच नव्हतं.

पाणी फाउंडेशनची जलसंधारणाची वॉटर कप स्पर्धा २०१६ मध्ये ३ तालुक्यांत सुरू झाली. पुढे आपला कारंजा तालुकाही तीत उतरला. काम ४५ दिवसांचं, पण त्याआधी गावातल्या निवडक माणसांचं निवासी प्रशिक्षण व्हायचं. त्यात शेतकरी होते, बायाबापड्या होत्या, इंजिनिअर नव्हते. तिथली मला सर्वांत मोलाची वाटते ती समतल रेषा आखण्याची शिकवण. दोन उभ्या पट्ट्या, त्यांना जोडणारी पाण्याने भरलेली पारदर्शक नळी. दोन्हीकडे पाणी एकाच खुणेवर आलं की त्या दोन जागा एका पातळीत. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर माप चुकतं. माप चुकलं तर पाणी अडवायला त्या रेषेवर खणलेला चर एका टोकाला उतरता होतो, सगळं पाणी तिकडे धावतं, बांध फुटतो आणि खाली नवी घळ पडते. म्हणजे आखणीवाचून केलेली सेवा नुसती वाया जात नाही, ती नुकसान करते. फक्कीची रेघ आधी, टिकाव मागून. पुन्हा सांगतो, रेघ आधी.

रेघ आखली की हिशेब. चर ६० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल धरला, तर एक किलोमीटरला १८० घनमीटर माती निघते. समजा, दोघांची जोडी सकाळभरात एक घनमीटर खणते. शंभर माणसं आली तर चार सकाळी लागतील, चाळीसच आली तर नऊ. मे महिन्यात लग्नसराई असते, मृगाआधी वखरणी उरकायची असते. ते दिवस आधीच वजा करायचे. एवढं गणित आपल्या बचत गटातली बाई सहज करते. मग ते गटप्रमुखाने एकट्याने डोक्यात का ठेवावं? वहीत लिहावं, सगळ्यांसमोर वाचून दाखवावं.

काहीजण म्हणतात, सेवा मनाची असते, कागद आले की साहेबगिरी येते. ही भीती खोटी नाही. एकाच्या हाती वही आणि बाकीच्यांच्या हाती घमेली, असं झालं तर साहेबगिरी येणारच. म्हणून वही आळीपाळीने फिरवावी. पण कागद म्हणजे सेवेला बाधा, हे मला पटत नाही. गाडगेबाबांनी खराटा हाती घेतला, तशीच पुढची व्यवस्थाही लावली. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. आपल्यामागे वास्तू कोण सांभाळणार, हे त्यांनी हयातीतच ठरवलं.

आणि इथेच माझी राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरं घेणाऱ्या प्राध्यापक मित्रांकडे तक्रार आहे. सात दिवसांचं शिबिर उद्घाटन आणि समारोपाच्या भाषणांत कापलं जातं, कामाची जागा तिथे पोचल्यावर ठरते आणि शिबिर उठलं की त्या कामाचा कुणी वाली नसतो. मुलांना नियोजन शिकवायची याहून चांगली संधी कुठली? शिबिराआधी दोन मुलं गावात पाठवा, जागा मोजू द्या, अवजारं मोजू द्या. पैशाचा हिशेब आणि ग्रामसभेचा ठराव यांवरही बोलायचं होतं, पण वेळ संपत आली आहे. तेव्हा एवढंच करा: चर खणून झाले की त्याच वहीत दोन नावं लिहून ठेवा. पहिला मोठा पाऊस थांबला की त्या दोघांनी फावडं घेऊन चराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जायचं, पाणी कुठून उलटलं ते पाहायचं आणि तिथला बांध त्याच दिवशी भरून घ्यायचा.