खानावळीतलं पोस्ट
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



‘अमेरिकेत काय पाहिलंत ते सांगा,’ अशी सेक्रेटरींची आज्ञा आहे. मुलीकडे, बोस्टनजवळ, आम्ही दोघं चार महिने राहून आलो. नायगारा तुम्ही सगळ्यांनी फोटोत पाहिलाच आहे, म्हणून मी तिथल्या खानावळींबद्दल बोलणार आहे. तिथे दारूही मिळायची, पण घाबरू नका, आपला विषय टपाल आहे.

बोस्टन वसलं १६३० साली. इंग्लंडहून जहाज आलं की घरची पत्रं यायची. पण ती सांभाळायची कोणी? १६३९ साली मॅसॅच्युसेट्स वसाहतीच्या जनरल कोर्टाने, म्हणजे तिथल्या विधिमंडळाने, ठराव केला. समुद्रापलीकडून आलेली आणि तिकडे जाणारी पत्रं रिचर्ड फेअरबँक्स यांच्या घरी आणावीत, आणि त्यांनी ती ज्याची त्याला पोचती करावीत. हे फेअरबँक्स खानावळवाले. वसाहतीतलं पहिलं पोस्ट ते हेच.

बँकेत जन्म घालवलेल्या माणसाला तो ठराव फार आवडला. दर पत्रामागे एक पेनी मेहनताना. हलगर्जीपणाने पत्र गहाळ झालं तर जबाबदारी फेअरबँक्स यांची. आणि पत्र तिथेच आणलं पाहिजे, अशी सक्ती कुणावरही नाही. संपला ठराव! आमच्याकडे दहा-दहा पानी परिपत्रकं यायची, तरी जबाबदार कोण ते शेवटपर्यंत कळायचं नाही.

पुढे १६७३ च्या जानेवारीत न्यूयॉर्कहून टपाल घेऊन पहिला घोडेस्वार बोस्टनला निघाला. त्या वाटांचं नाव पडलं बोस्टन पोस्ट रोड. वाटेवरच्या खानावळीत माणसाला जेवण, घोड्याला चारा आणि गावाला बातमी मिळायची. अशीच एक खानावळ सडबरी गावात हाऊ कुटुंबाने १७१६ साली सुरू केली. लाँगफेलो या कवीने १८६३ साली तिच्यावर पुस्तक लिहिलं, तेव्हापासून ती ‘वेसाइड इन’ म्हणून गाजली. १९२३ साली मोटारवाल्या हेन्री फोर्डने ती विकत घेतली. १९५५ साली आगीत बरीच जळली, तरी लोकांनी ती पुन्हा उभी केली. जावईबापूंनी आम्हाला तिथेच जेवायला नेलं होतं. जाड लाकडी तुळयांखाली बसून जेवताना मला मात्र आपलं गेट आठवत होतं.

कारण सांगतो. आपल्या जिन्याखालच्या पत्रपेट्या पंचवीस वर्षांच्या झाल्या. निम्म्यांची दारं निखळली आहेत. टपाल वॉचमनच्या टेबलावर पडतं, पंख्याने उडतं, पावसात भिजतं. गेल्या वर्षी आपल्यातल्या एका आजींचं पेन्शनचं पत्र तिथे बारा दिवस पडून होतं. हयातीचा दाखला वेळेत गेला नाही आणि त्यांची पेन्शन दोन महिने अडकली. त्यात वॉचमनला बोल लावण्यात अर्थ नाही. ते काम त्याला कोणी नेमून दिलेलंच नव्हतं. सगळ्यांचं काम म्हणजे कोणाचंच नाही.

आता कोणी म्हणेल, काका, मोबाइलच्या जमान्यात पत्रं येतात कुठे? येतात. एटीएम कार्ड येतं, कोर्टाची नोटीस येते, पासपोर्ट येतो. पत्रं कमी झाली, पण जी येतात ती हरवून चालणारी नाहीत.

म्हणून रौप्यमहोत्सवानिमित्त माझी एक सूचना. पत्रपेट्या दुरुस्त करू या. ऑफिसात एक आवक रजिस्टर ठेवू या. ज्यांचं टपाल तीन दिवस पडून राहील, त्यांचा फ्लॅट नंबर फळ्यावर लिहू या. रोज संध्याकाळी पाच ते सहा मी तिथे बसेन. मला पेनी नको. पण पत्र गहाळ झालं तर जाब मलाच विचारायचा. आणि सक्ती अर्थातच कोणावर नाही.

सर्वसाधारण सभेत हा विषय घ्यावा, एवढी विनंती करून आपली रजा घेतो.