चष्म्याचा नंबर आणि लेसर किरण



अमेरिकेत थँक्सगिव्हिंगच्या सणाला टर्की पक्ष्याची मेजवानी असते. १९८१ साली या सणाच्या दुसऱ्या दिवशी मूळचे मद्रासचे रसायनशास्त्रज्ञ रंगस्वामी श्रीनिवासन हे मेजवानीतून उरलेला मांसाचा तुकडा घेऊन आयबीएम कंपनीच्या प्रयोगशाळेत गेले. त्यावर त्यांनी एक्सायमर लेसरचे अतिनील किरण सोडले. तुकड्यावर रेखीव खाच पडली. पण तिच्या कडा करपल्या नाहीत. पुढे १९८३ मध्ये श्रीनिवासन व नेत्रशल्यविशारद स्टीफन ट्रोकेल यांनी हाच किरण डोळ्याच्या पारपटलावर वापरता येईल, असे दाखवून दिले.

निकटदृष्टितेत डोळ्याचा गोल बहुधा प्रमाणापेक्षा लांब झालेला असतो. त्यामुळे दूरच्या वस्तूची प्रतिमा दृष्टिपटलाच्या अलीकडेच पडते. चष्म्याचे अंतर्वक्र भिंग ती मागे सरकविते. लेसर शस्त्रक्रियेत पारपटलाचा, म्हणजे बुबुळापुढील पारदर्शक पडद्याचा, मध्यभाग किंचित सपाट करून तेच साधले जाते.

या पडद्याची मध्यभागी जाडी असते अवघी अर्धा मिलिमीटर, म्हणजे सुमारे ५४० मायक्रॉन. सहा मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळात एक नंबर घालविण्यास सुमारे १२ मायक्रॉन थर काढावा लागतो. चार नंबरला ४८, आठ नंबरला ९६. लॅसिक पद्धतीत त्याआधी सुमारे ११० मायक्रॉन जाडीची झडप उचलावी लागते, आणि तिच्याखाली निदान २५० मायक्रॉन शिल्लक राहिले पाहिजेत, असा नेत्रतज्ज्ञांचा दंडक आहे. पडदा मुळातच पातळ असेल, तर हा जमाखर्च जुळत नाही. पडदा शंकूसारखा पुढे येण्याचा विकार ज्यांना आहे, त्यांनी तर हा विचारही करू नये. म्हणूनच शस्त्रक्रियेपूर्वीची मोजणी शस्त्रक्रियेइतकीच महत्त्वाची ठरते. किरण चालतो तो काही सेकंदच!

पीआरके या जुन्या पद्धतीत झडप नसते. वरची नाजूक त्वचा दूर करून किरण सोडतात. काही दिवस वेदना होतात. परंतु झडप सरकण्याचे भय राहत नाही. स्माइल या नव्या पद्धतीत पडद्याच्या आतच पातळ चकती कापून ती लहानशा छेदातून काढून घेतात.

लग्न जुळविण्याच्या किंवा नोकरभरतीच्या घाईत ही शस्त्रक्रिया उरकली जाते, हे मात्र चिंताजनक होय. वयाची अठरा वर्षे पूर्ण झालेली असावीत आणि निदान वर्षभर नंबर स्थिर असावा. भरतीच्या नियमांत अशी शस्त्रक्रिया चालते किंवा नाही, हे उमेदवाराने आधीच पाहावयास हवे. फळ्याजवळ सरकून बसणाऱ्या विद्यार्थ्याला मात्र चष्माच हवा. वाढत्या वयात नंबरही वाढत असतो.

शस्त्रक्रियेनंतर काही महिने डोळे कोरडे पडणे, रात्री दिव्यांभोवती वलये दिसणे, असा त्रास अनेकांना होतो. चाळिशीनंतर वाचनाचा चष्मा बहुधा लागतोच. शिवाय चष्मा सुटला तरी लांबलेला गोल तसाच राहतो. मोठा नंबर असलेल्यांचे दृष्टिपटल ताणलेले असते. ते फाटण्याचा धोका लेसरने टळत नाही. अशा व्यक्तीस डोळ्यांपुढे अचानक काजवे चमकल्यासारखे किंवा पडदा ओढल्यासारखे वाटले, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावे आणि आपला जुना नंबर आवर्जून सांगावा.