वाकणारी बॅटरी आणि अडून बसणारं मॅग्नेशियम

मनगटाला गुंडाळता येईल अशी बॅटरी बनवायची, तर मॅग्नेशियम कागदावर एकदम पसंत पडतं. समुद्राच्या लिटरभर पाण्यात ते सव्वा ग्रॅमहून जास्त असतं. लिथियम एक मिलिग्रॅमही नसतं. मॅग्नेशियम धातूचा एक घन सेंटिमीटर सुमारे ३,८३३ मिलिअँपिअर-तास विद्युतभार देऊ शकतो; लिथियम धातूचा साधारण २,०५०.

घोडं अडतं ते कॅथोडपाशी, म्हणजे बॅटरीच्या धन टोकापाशी.

मॅग्नेशियमचा आयन लिथियमच्या आयनाहून किंचित लहानच, पण त्याच्यावर धनभार दोन. ऑक्साइडच्या स्फटिकात शिरला, की तिथल्या ऑक्सिजनला तो असा धरून बसतो, की पुढे सरकायचं नाव घेत नाही. २००० साली इस्रायलच्या बार-इलान विद्यापीठातले दोरोन ऑरबाख आणि त्यांचे सहकारी यांनी गंधकाचा आधार घेतला. मॉलिब्डेनमचे सहा आणि गंधकाचे आठ अणू असलेला त्यांचा पदार्थ सरळ भट्टीत तयारच होत नाही. आधी तांबं घालून तो घडवायचा, मग आम्लात टाकून तांबं काढून घ्यायचं. रिकाम्या झालेल्या जागांतून मॅग्नेशियम ये-जा करतं! ती बॅटरी दोन हजारांहून अधिक वेळा चार्ज झाली. व्होल्टेज मात्र जेमतेम एक-सव्वा.

आता ती वाकवायची. नेहमीच्या कॅथोडमध्ये पूड आणि चिकटद्रव्य यांचा लेप धातूच्या पत्र्यावर दिलेला असतो. वारंवार वाकवला की त्याला भेगा पडतात, पापुद्रे सुटतात. म्हणून संशोधक कार्बनच्या कापडावर, धाग्याधाग्यावर, व्हॅनेडियम ऑक्साइडसारखा पदार्थ थेट वाढवतात. त्याच्या थरांमध्ये पाण्याचे रेणू राहिले, तर ते आयनाचा भार झाकतात आणि वाट मोकळी होते.

पण पाण्यात मॅग्नेशियम धातूवर लगेच साय धरते आणि चार्जिंग थांबतं. मग पाण्याच्या जेलवर चालणाऱ्या बॅटरीत धातूऐवजी पॉलिइमाइडसारखं प्लास्टिक वापरावं लागतं. नाव मॅग्नेशियमचं, धातू गायब!

पाण्याला फाटा देणारी वाटही आहे. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या लिंडा नाझर यांच्या गटाने २०१६ मध्ये टायटॅनियम आणि गंधकाचा कॅथोड दाखवला. त्याची क्षमता ऑरबाख यांच्या पदार्थाहून बरीच जास्त. मात्र ती मिळाली ६० अंश सेल्सिअसला, आणि मनगटावर एवढी गरम पट्टी कोण बांधून घेणार?